मागायला न आलेल्यांचे देणे



नोव्हेंबर महिना आपण मृतांसाठी राखून ठेवतो. 2 तारखेला कबरस्थानात मेणबत्त्या लागतात, कबरींवर फुले वाहिली जातात आणि पुढे महिनाभर मिस्साच्या हेतूंची यादी एवढी लांबते की ती वाचणाऱ्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो. हे चांगलेच आहे. युद्धात पडलेल्या आपल्या माणसांसाठी यहूदा मक्काबीने वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवली, त्या काळापासून देवाची प्रजा आपल्या मृतांसाठी काहीतरी करत आली आहे.

मात्र मृतांविषयीचे एक कर्तव्य असे आहे, की त्याची आठवण वेदीवरून क्वचितच करून दिली जाते. गेलेला माणूस कोणाचे काही देणे लागत होता काय? लागत असल्यास त्या घेणेकऱ्याला, 'बाबा गेले, तुमचे काही येणे असेल तर सांगा,' असे कोणी कळवले काय?

आपल्या घरांत सहसा काय होते ते पाहू. अंत्यविधी होतो, सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची मिस्सा होते. मग भावंडे एकत्र बसतात. सातबारा, बँकेची पासबुके, विम्याची कागदपत्रे, आईचे दागिने बाहेर निघतात. काय काय आहे याची यादी होते. काय काय द्यायचे आहे याची यादी मात्र बहुतेक घरांत होत नाही. बँकेचे कर्ज असेल तर बँक स्वतःच पत्र पाठवते. मोठी रक्कम दिलेला व्यापारी दारात येतो. जो येतो त्याचे भागवले जाते, आणि जो येत नाही त्याचे काही नव्हतेच असे आपण धरून चालतो.

एक उदाहरण घेऊ. ते आम्ही रचलेले आहे, त्यात कोणी आपले किंवा शेजाऱ्याचे घर शोधत बसू नये. केळीची वाडी असलेला एक शेतकरी हृदयविकाराने अचानक गेला. त्याच्यावर बँकेचे पंपासाठी घेतलेले कर्ज होते. किराणा दुकानाच्या वहीत 4,200 रुपये बाकी होती. पतपेढीत तो एका मित्राला जामीन राहिला होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आणि मोखाड्याहून वाडीत कामाला येणाऱ्या एका जोडप्याची पाच आठवड्यांची मजुरी त्याच्याकडे होती. दोघांचे मिळून रोजचे 800 रुपये, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 24,000 रुपये. ही मजुरी त्याने बुडवली नव्हती. होळीला गावी जाताना एकदम द्या, असे त्यांनीच सांगितले होते. कागद नाही, सही नाही. तो गेला तेव्हा ते दोघे काही कामासाठी पाड्यावर गेले होते. पंधरा दिवसांनी आले तर दारात हार घातलेला फोटो. मुलगा म्हणाला, 'बाबा गेले, वाडीचे काम आता बंद.' त्या दोघांनी फोटोला हात जोडले आणि परत गेले. दुःखाच्या घरात पैशाची गोष्ट काढायची त्यांना लाज वाटली असेल. मागितले तरी कोण विश्वास ठेवणार, असेही वाटले असेल.

बँकेला रुपयान् रुपया मिळाला. किराणावाल्याला मिळाला. उरलेले भावंडांनी वाटून घेतले.

आता विचारा, या जोडप्याला कोणी फसवले? मेलेल्या बापाने नाही, कारण तो द्यायलाच बसला होता. मुलानेही नाही, कारण त्याला ठाऊकच नव्हते. तरीही 24,000 रुपये ज्यांचे होते त्यांच्याकडे न जाता दुसऱ्यांच्या खिशात गेले. सातव्या आज्ञेचा भंग करणारा कोणी दिसत नाही आणि चोरी मात्र झालेली आहे. नीतिशास्त्राच्या दृष्टीने ही गाठ विचार करण्यासारखी आहे.

मेलेला माणूस कशालाच बांधील राहू शकत नाही, असे कोणी म्हणेल. कर्तव्य हे जिवंत माणसाचे असते, ऋण ज्याने काढले त्याच्याबरोबर ते संपते, मुलाने का भरावे? वरवर पाहता हे खरे वाटते. बापाचे पाप मुलाच्या माथी मारू नये, हे आपल्याला यहेज्केल संदेष्ट्याने शिकवले आहे. पण येथे पापाचा प्रश्नच नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीविषयी लिहिताना एक भेद केला आहे, तो येथे फार उपयोगी पडतो. परतफेड करण्याचे बंधन दोन कारणांनी येते. एक, मी ती वस्तू कशी घेतली यामुळे. दोन, ती वस्तू माझ्याजवळ आहे यामुळे. चोरावर बंधन येते ते पहिल्या कारणाने, त्याने ती वस्तू उडवून टाकली तरी बंधन सुटत नाही. पण ज्याने काहीच वाईट केलेले नाही त्याच्याही हातात दुसऱ्याची वस्तू असू शकते. ती हातात आहे एवढ्यानेच ती परत करण्याचे बंधन त्याच्यावर येते. आपल्या उदाहरणातील मुलाचे तसेच आहे. त्याने काही बळकावलेले नाही. पण वाटणीत आलेल्या पैशांत 24,000 असे आहेत, की जे बापाचे उरलेच नव्हते. जे बापाचे नव्हते ते वारसाने मुलाचे कसे होईल?

याच भेदातून बंधनाची मर्यादाही निघते, आणि ती सांगणे तितकेच गरजेचे आहे. मृताने जेवढे मागे ठेवले तेवढ्यापुरतेच वारसाचे बंधन. बापाने दोन लाखांचे कर्ज ठेवले आणि मालमत्ता पन्नास हजारांची असेल, तर मुलगा पन्नास हजारांपर्यंत बांधील आहे. त्यापुढे त्याने स्वतःच्या पगारातून भरले तर ते प्रेमाचे व औदार्याचे कृत्य होईल, न्यायाची सक्ती नव्हे. आपला देशाचा कायदाही हेच मानतो. कर्जाच्या कागदावर मुलाची स्वतःची सही सहकर्जदार किंवा जामीन म्हणून असेल तर गोष्ट वेगळी, ते त्याचे स्वतःचे देणे. पण ज्या विधवेने कशावरही सही केलेली नाही आणि जिच्या हाती नवऱ्याचे काहीच आलेले नाही, तिला दारात उभे राहून धमकावण्याचा हक्क कोणत्याही वसुलीवाल्याला नाही. हे आमच्या माताभगिनींनी लक्षात ठेवावे.

आपल्या हिंदू बांधवांच्या परंपरेत मात्र बंधन याहून जड होते. बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य मानले जाई आणि न्यायालयेही ते मान्य करीत. जुगार, व्यसन अशा अनीतीच्या कर्जांना त्यातून वगळलेले असे. 2005 च्या दुरुस्तीने त्यापुढील कर्जांसाठी ते कायदेशीर बंधन काढून टाकले गेले. कायदा गेला, पण पितृऋणाची जाणीव समाजात आहे, आणि आपणही त्याच मातीतील माणसे आहोत.

आता 'आम्हांला ठाऊकच नव्हते' या बचावाकडे वळू. खरे तर आजच्या लेखाचा मुद्दा तोच आहे. सर्वच अज्ञान सारखे नसते. काही अज्ञान दूर करणे माणसाच्या हाती नसते, त्याचा दोष त्याला लागत नाही. काही अज्ञान एक प्रश्न विचारला की दूर होणारे असते आणि आपण तो प्रश्न विचारत नाही. कधी आळसाने, कधी उत्तर काय येईल या भीतीने. सत्य शोधण्याची फिकीर न करणाऱ्याचे अज्ञान त्याला दोषमुक्त करत नाही, असे ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ (क्र. 1791) शिकवतो. संत थॉमस तर थेट आपल्या विषयालाच हात घालतात. ज्याचे देणे आहे तो मेला असेल तर त्याच्या वारसाला द्यावे, आणि तो कोण हेच कळत नसेल तर त्याच्या आत्म्याच्या कल्याणासाठी गरिबांना दान द्यावे. पण केव्हा? काळजीपूर्वक चौकशी केल्यानंतर. चौकशी न करताच फंडपेटीत 500 रुपये टाकून मोकळे होण्याची सोय त्यांनी ठेवलेली नाही. आम्हीही ठेवू शकत नाही, फंडपेटी आमचीच असली तरी.

म्हणजे घेणेकरी दारात येण्याची वाट पाहणे पुरेसे नाही, त्याला कळवायला आपण गेले पाहिजे. जो गप्प आहे तो बहुधा गरीब असतो, लाजरा असतो किंवा दूर असतो. त्याचे गप्प राहणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या 4थ्या अध्यायातील विधवा आपल्या परिचयाची आहे. नवरा देवभीरू होता, तो कर्ज ठेवून मेला, आणि सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आला. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून तिने शेजारपाजारच्या घरांतून रिकामी भांडी मागून आणली आणि घरातील थोड्याशा तेलाने ती सर्व भरली. चमत्कार एवढा मोठा, तरी त्यानंतरचा संदेष्ट्याचा आदेश अगदी हिशेबी आहे. आधी तेल विकून देणे फेडायचे, मग जे उरेल त्यावर तिने व मुलांनी जगायचे. तो सावकार निर्दय होता, तरी त्याचे पैसे बुडवायला अलीशाने सांगितले नाही. आणखी एक गोष्ट आमच्या मनात येते. भांडी मागत दारोदार फिरणाऱ्या त्या बाईचे कर्ज साऱ्या गावाला कळले असणार. तिने ते लपवले नाही, आणि गावाने भांडी दिली.

देवाचे वचन ज्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते त्यांनाही हे कळत होते. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या आरंभी केफालस नावाचा वृद्ध श्रीमंत भेटतो. म्हातारपणी पैशाचा उपयोग काय, असे विचारल्यावर तो सांगतो, की देवाचे अर्पण आणि माणसाचे पैसे बाकी ठेवून भीत भीत परलोकी जावे लागत नाही, हाच मोठा उपयोग. एवढे बोलून तो पूजेला निघून जातो आणि वाद पुढे चालवायला मुलाला मागे ठेवतो. बापाच्या इस्टेटीबरोबर त्याचा वादही मुलाच्या वाट्याला येतो, असा गमतीचा प्रसंग आहे. आणि सॉक्रेटिस? विष प्याल्यावर, अंग गार पडत असताना, त्याने मित्राला शेवटची आठवण करून दिली ती एका देण्याची. आरोग्यदेवतेला एक कोंबडा द्यायचा राहिला होता. त्या वाक्याचा गूढ अर्थ काय यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांला त्याचा साधा अर्थही पुरेसा वाटतो. आपल्यामागे कोणीतरी हे देणे पोहोचवावे, म्हणून त्याने ते सांगून ठेवले.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. आपल्या ख्रिस्ती समाजाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्राच्या एक्झिक्युटरने किंवा न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाने कोणत्या क्रमाने देणी द्यायची ते त्यात सांगितले आहे. सर्वांत आधी मृताच्या ऐपतीला शोभेल असा वाजवी अंत्यविधीचा व शेवटच्या आजारपणाचा खर्च. मग न्यायालयीन कामाचा खर्च. त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मजुराने, कारागिराने किंवा घरगड्याने केलेल्या कामाचे वेतन. मग इतर सर्व देणी, आणि ती सर्वांना सारख्या प्रमाणात. एक्झिक्युटरचे स्वतःचे येणे असले तरी त्याला त्यात अधिक मान नाही. आणि हे सर्व झाल्यावर मृत्युपत्रात ज्यांना काही ठेवले आहे त्यांचा क्रम. आपल्या उदाहरणातील मोखाड्याचे जोडपे या यादीत कोठे आहे पाहा. किराणावाल्याच्या पुढे! मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी हा अनुवादाच्या ग्रंथातील नियम आणि बुडवलेली मजुरी देवाकडे ओरडते हे याकोबाच्या पत्रातील बोल, यांच्याशी हा क्रम जुळतो.

याच कायद्याच्या 360व्या कलमात घेणेकऱ्यांना नोटीस देण्याची तरतूद आहे. ठरलेल्या रीतीने नोटीस देऊन, मुदत संपेपर्यंत थांबून, मग ठाऊक असलेली देणी भागवून वाटणी केली, तर ज्याचा दावा कळलाच नव्हता त्याच्याबद्दल एक्झिक्युटरला जबाबदार धरता येत नाही. परंतु तेच कलम पुढे सांगते, की अशा राहिलेल्या घेणेकऱ्याला ती मालमत्ता ज्यांच्या हाती गेली त्यांच्यापर्यंत तिचा माग काढण्याचा हक्क राहतो. नोटीस वाटणी करणाऱ्याचे संरक्षण करते, देणे पुसून टाकत नाही. नॉमिनीचेही तसेच आहे. बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते म्हणून तो त्यांचा मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले आहे. 'माझे नाव होते, पैसे माझे' असे म्हणणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसते.

आपल्याकडे बहुतेक वाटण्या घरच्या घरी होतात, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. त्यामुळे या नियमांची कोणाला आठवणही होत नाही. आणि जेथे वकील नोटीस देतात तेथे ती बहुधा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते, कधी इंग्रजीत. चौदा किंवा पंधरा दिवसांत कळवावे, नपेक्षा कोणाचा हक्क नाही असे समजले जाईल. मोखाड्याच्या पाड्यावर ती कोण वाचणार? कायद्याला तेवढे पुरत असेल. विवेकबुद्धीला पुरायचे तर नोटीस ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी. पाड्याकडे जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडावा, मुकादमाला विचारावे, किराणावाल्याची वही स्वतः जाऊन पाहावी, पतपेढीत 'बाबा कोणाला जामीन होते काय' असे विचारावे, भिशीतल्या मंडळींना भेटावे. पूर्वी उसनवारी डायरीत सापडे. आता ती फोनमध्ये असते आणि फोनला कुलूप असते, म्हणून हे काम अधिकच जिकिरीचे झाले आहे. ज्यांचे वय झाले आहे त्यांनी आपले येणेदेणे एका कागदावर लिहून घरात सांगून ठेवावे, हे आम्ही आता प्रत्येक आजाऱ्याच्या भेटीत सांगतो.

अशी घोषणा केली तर बापाची अब्रू जाईल, असे पुष्कळांना वाटते. आमचे मत उलट आहे. आपल्या मुस्लिम बांधवांकडे जनाज्याच्या वेळी घरचा माणूस उभा राहून सर्वांसमक्ष सांगतो, की मयताकडे कोणाचे काही येणे असेल तर आम्हांला भेटा. त्याने कोणाची अब्रू गेलेली नाही. उलट मुलगा बापाचा शब्द आपल्या अंगावर घेतो आहे, हे सारी वस्ती पाहते. चौथी आज्ञा पाळण्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला चटकन सुचत नाही. आणि खोटे दावे घेऊन लोक येतील ही भीती? येतीलही. पण कळवणे म्हणजे मागेल त्याला देणे नव्हे. वही, पावती, साक्षीदार, त्या माणसाची आजवरची वागणूक, हे सारे पाहण्याचा वारसांना हक्क आहे. शंका राहिली तर दोन जाणत्या माणसांना मध्ये घालावे.

जुन्या उसनवारीचा प्रश्नही येतो. साध्या उधारीसाठी 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे तीन वर्षांत दावा करावा लागतो. त्यानंतर कोर्टाचे दार बंद होते. देणे मात्र मरत नाही. 1872 चा करार कायदाच मान्य करतो, की मुदत उलटून गेलेले कर्ज फेडण्याचे लेखी व सही केलेले वचन बंधनकारक असते. मेलेले कर्ज असे पुन्हा उभे राहू शकले नसते. तेव्हा 'मुदत गेली' हे उत्तर न्यायाधीशासमोर चालेल, पापनिवेदनाच्या वेळी ते पुरेसे नाही. सर्व वारसांनी एकत्र बसून अशा देण्याचा निर्णय घ्यावा, एकाने दुसऱ्याच्या वाट्यातून परस्पर औदार्य दाखवू नये.

एक गोष्ट थोडी कटू आहे, पण ती सांगणे आम्हांलाच भाग आहे. कायद्याने अंत्यविधीच्या खर्चाला पहिला मान दिला आहे तो 'वाजवी' खर्चाला. मजुराचे 24,000 बाकी असताना कबरीवर महागडा संगमरवर, बँड आणि दोनशे पानांचे जेवण हे वाजवी नव्हे. मिस्साच्या दानाचेही तेच. मृतांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून तीस मिस्सा सांगायच्या आणि त्याच आत्म्याचे देणे पाड्यावर तसेच राहू द्यायचे, हे आम्हांला पटत नाही. आधी ते देणे द्या. मिस्सा आम्ही दान न घेताही अर्पण करू.

येत्या रविवारपासून आपल्या धर्मग्रामात एक छोटी व्यवस्था सुरू करत आहोत. ज्या कुटुंबाची इच्छा असेल त्यांच्यासाठी महिन्याच्या मिस्साच्या वेळी पुढील मजकूर वाचला जाईल आणि सूचना फलकावर 30 दिवस लावला जाईल: 'आमचे वडील (नाव) यांच्याकडे कोणाचे काही येणे असल्यास, अथवा त्यांनी कोणाला जामीन दिला असल्यास, कृपया (तारीख) पूर्वी आम्हांला घरी येऊन भेटावे. कागद नसला तरी यावे.' मजुरांपर्यंत निरोप पोहोचवण्यासाठी पाड्यांवर काम करणाऱ्या आपल्या धर्मभगिनी मदत करण्यास तयार आहेत. यासाठी शुल्क नाही. नावे धर्मग्राम कार्यालयात मिस्सानंतर द्यावीत. ही नोटीस कायद्याच्या नोटिशीची जागा घेत नाही, त्यासाठी वकिलांचा सल्ला घ्यावा. पैशांचे दावे मात्र कार्यालयात आणू नयेत, ते त्या त्या कुटुंबाकडेच न्यावेत.

आपला प्रभूठायी,
प्रमुख धर्मगुरू